मेघाची एका डोळ्याची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे मित्रांनो, तीही एका डोळ्याने आंधळी! कारखान्यातून निघाले तेव्हा दोन्ही डोळे लख्ख होते हो. वनरक्षक मधुकररावांनी निवृत्त होताना मला एकोडीच्या मेघाला दिलं. एकदा मी पावसात भिजले, तर तिच्या आईने, केशरबाईने, ओल शोषून घ्यायला मला चक्क धानाच्या कोंड्यात पुरलं! कोंडा आत गेला तो गेलाच. अजून राग येतो मला.

तरी उरलेल्या डोळ्यावर मेघाने सहा वर्षं नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवलं. ते माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई. मेघाला मात्र टांझानियात गाइड व्हायचं होतं.

"सिंहाच्या देशात कायले जाऊन राहिली व पोरी? इथं वाघ कमी पडले का?" केशरबाई म्हणे.

निवडीची परीक्षा एकोडीच्याच तलावाजवळ झाली. टांझानियातल्या सफारी कॅम्पच्या बाई गाइड निवडायला आल्या होत्या. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, अंड्यांवर बसलेला सारस त्यांना दाखवायचा, पण तो उठता कामा नये. गाइडची जागा एकच होती. पहिल्या उमेदवाराने हात लांब करून "तो पाहा!" म्हटलं आणि सारस ताडकन उठला. तो परत बसल्यावर मेघाची पाळी आली.

मेघाने हात वर केलाच नाही. आमच्याकडे कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती सडते म्हणतात, मग अंड्यांना कोण दाखवेल? केशरबाईनेच लावलेली सवय ती! पण बांधावर उभ्या केशरबाईचा जीव टांगणीला लागला. ती कुजबुजली, "दाखव ना व बोट! आजच्या दिवस चालते!"

मेघाने मला अलगद बाईंच्या डोळ्याला लावलं आणि खांद्याला धरून त्यांना हळूच वळवलं. सारस जागचा हलला नाही. मेघाची निवड झाली! केशरबाईने भर बांधावर लेकीला मिठी मारली, मी मधे चेंगरले, पण काय आनंद झाला म्हणून सांगू!

तिकडे मेघाला नवी दुर्बीण मिळाली. लेकीची वस्तू म्हणून केशरबाईने मला लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. मित्रांनो, जपणं म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे. आम्हाला पुसा, वापरा, कामात ठेवा. शेवटी मेघाच फोनवर ओरडली, "माय, काढ तिले बाहेर! पाहात जाय काही!"

आता केशरबाई रोज मला घेऊन बांधावर येते. काल तिथूनच तिने फोन लावला. "मेघा, यंदा सारसाले दोन पिल्ले झाले व! तुझ्या पाहुण्यायले सांग, सिंह पाहून झाले का इकडे या म्हणाव. दाखवाले मी आहो ना!"