सत्काराच्या पत्रिकेचा आवक क्रमांक

मुंबईच्या गोदीत कृष्णात शेवाळे याला पहिला धडा मिळाला तो असा, की सरकारच्या लेखी अडतीस वर्षांची मोटार एकाच वेळी भंगारही असू शकते आणि चैनीची वस्तूही.

“भंगार असेल तर भंगार आणायचा परवाना दाखवा,” कस्टमचा अधिकारी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला.

“भंगार न्हाई साहेब. चालती गाडी हाय.”

“चालते? मग पूर्ण ड्यूटी.”

“पण अडतीस सालची हाय. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडली हुती. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात.”

“कोंबड्यांचं आमच्या पुस्तकात काही नाही,” असे म्हणून अधिकाऱ्याने एक जाडजूड पुस्तक उघडले. गाडीची किंमत त्या पुस्तकात ठरलेली होती. ज्याने ती ठरवली त्याने गाडी पाहिली नव्हती, आणि ज्याने आता पाहिली त्याला ती ठरवण्याचा अधिकार नव्हता. कृष्णातने गाडीला जेवढे मोजले होते त्याच्या चौपट शुल्क भरले, आणि बारा वर्षांची विलायतेतली शिल्लक एका दुपारी संपली.

त्याला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. वाळवे तालुक्यातल्या आडळवाडीचा हा माणूस लष्करात फिटरचे काम शिकला, तिथून सुटल्यावर विलायतेत कॉव्हेन्ट्रीच्या कारखान्यात गेला, आणि सहा वर्षांचे रविवार त्याने रायली बनावटीच्या या एका गाडीवर घालवले. तिचा प्रत्येक नट त्याच्या हातातून गेला होता. गडद हिरवा रंगही त्यानेच दिला होता. कायमचे मायदेशी परतणाऱ्याला परदेशात वापरलेली गाडी आणता येते, असे कळले तेव्हा त्याने परतायचे ठरवले. चंद्राबाईला, म्हणजे बायकोला, पत्रातून त्याने कारण वेगळे कळवले होते. पण बारा वर्षे सासरी भाकऱ्या थापत राहिलेल्या बाईला खरे कारण कळायला पत्राची गरज नव्हती.

गोदीतून सुटण्याआधी त्याने एक हमीपत्र लिहून दिले. पाच वर्षे गाडी विकणार नाही, कुणाला देणार नाही, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणार नाही. तसे झाल्यास सरकारने ती जप्त करावी. सगळे लोक हा कागद न वाचता सही करत. कृष्णातने तो दोनदा वाचला, तेव्हा कारकुनाने त्याच्याकडे संशयाने पाहिले.

तात्पुरता नंबर लावून तो निघाला. साताऱ्याच्या जकात नाक्यावर थोरला भाऊ लालासाहेब स्वागताला उभाच होता. सोबत सोसायटीचे चेअरमन आप्पासो आणि एक हार. हार गाडीच्या नाकाला घालण्यात आला. गाडी चालवत आलेल्याच्या वाट्याला त्यातले फूलही आले नाही.

“गाडी गावात राहणार का पुढं जाणार?” नाक्यावरच्या कारकुनाने विचारले.

“फुडं. सांगलीकडं.”

“मालक कोण?”

“आमी,” लालासाहेब मागच्या सीटवर बसता बसता म्हणाला.

कृष्णातने खिशातले कागद काढून कारकुनापुढे धरले. कारकुनाने कागदावरचे नाव वाचले, मागे बसलेल्या फेट्याकडे पाहिले, पुन्हा कागद वाचला आणि फाटक उघडले.

कऱ्हाड आल्यावर कृष्णात म्हणाला, “दादा, पाच वरसं ही माज्याच ताब्यात ऱ्हायला पायजे. तसं लिवून दिलंय.”

“बरं की! नाव तुजं असू दे. नाव काय चाटायचंय?” लालासाहेब हसला. “आपल्या जमिनीची खातेफोड झालीया का? न्हाई. मग जे हाय ते घराचं. आन् घराचा कर्ता कोण?”

“तुमी.”

“झालं तर.”

“विलायतेत कायदा शिकून आला वाटतं गडी,” आप्पासो म्हणाले, आणि दोघांच्या हसण्याने गाडीच्या काचा थरथरल्या. निदान कृष्णातला तसे वाटले. त्या काचांचे रबर त्याने स्वतः बसवले होते आणि त्यांनी थरथरायचे काही कारण नव्हते.

एकत्र कुटुंब ही मोठी सोयीची व्यवस्था असते; फक्त ती नेमकी कुणाच्या सोयीची, हे विचारायचे नसते. लालासाहेबाने ऊसतोडीच्या हंगामात ती गाडी कारखान्यावर नेली, बाजाराला नेली, ज्यांच्याशी तीन वर्षे बोलणे नव्हते अशा पाहुण्यांच्या दारातही नेली. चालवायला कृष्णात. त्याच्यासाठी एक खाकी टोपीही आणण्यात आली. ती त्याने गोठ्यातल्या खुंटीला अडकवून ठेवली.

“चालवायची आवड हाय म्हनून चालवतो धाकला,” लालासाहेब लोकांना सांगे. “माजं म्हननं, ठेव एखादा डायवर. पर ऐकत न्हाई.”

गाडी पुसत असताना एकदा चंद्राबाई शेणाची पाटी घेऊन जाता जाता थांबली. “आवं, मी कवा बसायचं हिच्यात?”

“बसू की. पासिंग हुंदे.”

“पासिंग कशाला पायजे? थोरल्या भावजींचं तर झालंय,” ती म्हणाली आणि पाटी सावरून पुढे गेली. कृष्णात फडके हातात घेऊन उभा राहिला. वाक्य साधेच होते. कॉव्हेन्ट्रीच्या फोरमनसमोर न झुकलेली मान या घराच्या उंबऱ्यात आपोआप कशी खाली जाते, याचे त्याला स्वतःलाच नवल वाटले, आणि त्या नवलात आदर मुळीच नव्हता.

नोंदणीसाठी तो एकटाच सांगलीच्या कचेरीत गेला. ते आणीबाणीचे दिवस होते. कचेऱ्यांतून माणसे वेळेवर येऊन बसत. काम करतीलच असे नव्हे, पण बसत. नोंदणीच्या टेबलावर केरू कांबळे नावाचे हेडक्लार्क होते. वडिलांनी छप्पन्न साली धर्म बदलला आणि मुलाला शाळेतून काढणार नाही असे त्याच दिवशी बजावले, असा हा माणूस. कांबळ्यांनी स्वतः बाहेर येऊन बॉनेट उघडायला लावले, चासीच्या नंबरावर पातळ कागद धरला आणि त्यावर पेन्सिल घासून आकड्यांचा ठसा उतरवला. मग हमीपत्राची नक्कल वाचली. तीही दोनदा.

“गाडी कोण वापरतं?”

“मीच, साहेब.”

कांबळ्यांनी वर पाहिले. “शुक्रवारी या. पुस्तक तयार असेल. शनिवारी तुमचा तात्पुरता नंबर संपतो. त्यानंतर गाडी रस्त्यावर दिसली तर अडचण होईल.”

सगळे इतके सरळ होते की ते आडळवाडीत टिकणे शक्य नव्हते.

आमच्या भागात माणसाने काही केले की त्याचा सत्कार होतो, आणि काही केले नसेल तर जरा मोठा सत्कार होतो. आप्पासोंच्या डोक्यातून कल्पना निघाली, आणि इस्लामपूरच्या छापखान्यातून पाचशे पत्रिका निघाल्या: ‘आडळवाडीचे सुपुत्र श्री. लालासाहेब शेवाळे यांनी थेट विलायतेहून मोटार खरेदी करून पंचक्रोशीचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल त्यांचा भव्य नागरी सत्कार.’ रविवारी सकाळी दहा वाजता. खाली पन्नास निमंत्रकांची नावे. कृष्णातचे नाव त्यांत एकेचाळिसावे होते.

“दादा, ह्ये काय छापलंय? खरेदी?” पत्रिका हातात घेऊन कृष्णात म्हणाला.

“मग काय उसनी आनली छापू? तू कागदाला लय भितोस बाबा. पत्रिका कोन वाचतंय? लोक जेवाय येत्यात.”

पण एक माणूस पत्रिका वाचणारा होता, आणि त्याच्याकडे ती लालासाहेबानेच सन्मानाने धाडली होती. नोंदणीच्या साहेबालाच प्रमुख पाहुणे करावे म्हणजे काम अडत नाही, हा त्याचा हिशेब. शंभर कामांत तो बरोबर आला असता. या कामात आड आली ती कचेरीची एक साधी रीत: बाहेरून जो कागद येतो त्याच्यावर आवक क्रमांक पडतो, आणि ज्या गाडीसंबंधी तो असेल त्या गाडीच्या फाईलला तो जोडला जातो.

शुक्रवारी लालासाहेब आणि आप्पासो दोघेही सोबत आले. वाटेत लालासाहेब म्हणाला, “कांबळ्याकडं कसलं काम अडतंय?” कचेरीची पायरी चढल्यावर तो ‘कांबळेसाहेब’ म्हणू लागला. आप्पासोंनी गुळाची एक ढेप टेबलाखाली सरकवली.

“हे काय?”

“काय न्हाई साहेब. आमच्या गुऱ्हाळाचा हाय. पोरांना.”

“हिलाही आवक क्रमांक देऊ?” कांबळ्यांनी शांतपणे विचारले. ढेप परत आप्पासोंच्या मांडीवर गेली आणि सबंध बैठकभर तिथेच राहिली.

मग कांबळ्यांनी फाईल उघडून फिरवली. वरच पत्रिका होती. गुलाबी कागद, सोनेरी अक्षरे, आणि कोपऱ्यात जांभळा शिक्का: आवक क्रमांक सातशे बारा.

“शेवाळे, तुमचं हमीपत्र म्हणतं, गाडी तुमची, तुमच्याच ताब्यात. ही पत्रिका म्हणते, गाडी भावानं खरेदी केली. दोन्ही खरं असू शकत नाही. पत्रिका खरी असेल तर मला मुंबईला कळवावं लागेल. कस्टमचे लोक येतील आणि गाडी घेऊन जातील.”

कृष्णातचे सहा वर्षांचे रविवार त्या जांभळ्या शिक्क्याखाली पडले होते, आणि ते तिथे ठेवणारा माणूस शेजारी बसून मिशीवरून हात फिरवत होता.

“आवं साहेब, ती पत्रिका म्हंजे... कौतुक हाय,” लालासाहेब म्हणाला. “फाडून टाका की.”

“क्रमांक पडलाय.”

“मग ह्याच्याकडनं लिवून घ्या, ती खोटी हाय म्हनून.”

“छापली यांनी नाही. ज्यानं छापली त्यानं लिहून द्यायचं. तुम्ही.”

लालासाहेबाने आप्पासोंकडे पाहिले. आप्पासो ढेपेकडे पाहत होते.

“ह्ये बाहिर जानार न्हाई न्हवं?” लालासाहेबाने विचारले. “परवा सत्कार हाय.”

“फाईल कपाटात राहते.”

एवढे त्याला पुरले. त्याची सारी भीती लोकांच्या कानांची होती. कागदाची त्याला कधीच वाटली नव्हती. कांबळ्यांनी कोरा कागद पुढे केला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. लालासाहेब जीभ दातांत धरून लिहीत होता. सदर मोटार माझे धाकटे बंधू कृष्णात यांच्या स्वकष्टार्जित कमाईची आहे. एकत्र कुटुंबाचा तिच्यात एक पैसाही नाही.

“ह्ये आन् कशाला?”

“कस्टमवाले विचारतील.”

‘तिच्यावर माझा, माझ्या वारसांचा वा घरातील अन्य कुणाचा कसलाही हक्क नाही व पुढे सांगणार नाही.’ लालासाहेबाने सही ठोकली. साक्षीदार म्हणून आप्पासोंनी ठोकली. दोघांनीही लिहिलेले परत वाचले नाही. घाई होती, मांडववाल्याकडे जायचे होते.

ते बाहेर पडल्यावर कांबळ्यांनी नोंदणीचे पुस्तक कृष्णातच्या हाती दिले आणि त्यावर त्या कागदाची शिक्का मारलेली नक्कल ठेवली.

“नकलेची फी भरा. पावती घ्या.” मग चष्मा काढून म्हणाले, “त्या दिवशी मी विचारलं, गाडी कोण वापरतं. तुम्ही खोटं बोललात.”

“व्हय, साहेब.”

“पुन्हा विचारलं तर खरं उत्तर देता येईल असं करा. पाच वर्षं मोठी असतात.”

रविवारी नऊ वाजल्यापासून कर्णा सुरू झाला. मांडवात गाडीसाठी गालिचा अंथरला होता. खाकी टोपी कुणीतरी खुंटीवरून काढून, झटकून तयार ठेवली होती.

कृष्णात चुलीपाशी आला. दीडशे माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत चंद्राबाई होती.

“ऊठ. हात धू.”

“आन् ह्या भाकरी?”

“सत्कार ज्यांचा हाय त्यांच्या भाकरी त्यांना थापू दे. साताऱ्याला मोटारीच्या कारखान्यात फिटर पायजे हाय. तिथं लष्करातला एक ओळखीचा हाय. खोली मिळंल.”

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले. मग पिठाचे हात परातीच्या काठाला निरपले, ट्रंक आणली आणि पुढच्या सीटवर बसली. मागची दिसतच नाही असे तिने केले.

मांडवाच्या तोंडाशी लालासाहेब फेटा बांधून उभा होता. गाडी येताना पाहून त्याने हात वर केला. गाडी त्याच्यासमोर थांबली.

“टोपी कुठाय? आन् हिला कशाला बसवलंस?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मागं घे. वाजंत्री लावून आनायची हाय.”

“गाडी साताऱ्याला चाललीया, दादा.”

“कुनाला इचारून?”

कृष्णातने नक्कल खिडकीतून पुढे धरली. लालासाहेबाला आपले अक्षर ओळखता आले. तो वाचू लागला. तो मजकूर वाचायची ती त्याची पहिलीच वेळ होती. आजूबाजूला पन्नासांपैकी तीस निमंत्रक उभे होते, त्यामुळे त्याला ओरडता येईना, आणि कागद फाडून उपयोग नाही हे सातशे बारा क्रमांकाने त्याला शिकवले होते.

“माघारी कवा येनार?” एवढेच तो म्हणाला.

“सनावाराला. दोघंबी. जेवाय येऊ.”

गाडी हलली. सत्कार झालाच. पत्रिका वाटलेल्या होत्या, शाल आणलेली होती, पाहुणे भुकेले होते. गाडी तपासणीसाठी सांगलीला न्यावी लागली, असे आप्पासोंनी कर्ण्यावरून जाहीर केले आणि रिकाम्या गालिच्याकडे हात करून भाषण केले. लोकांनी गालिच्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. उसाच्या फडांवरून तो आवाज हमरस्त्याला लागलेल्या गाडीपर्यंत येत होता.

“काय म्हनत्यात?” चंद्राबाईने विचारले.

“गाडीचं कौतुक करत्यात.”

“गाडी न्हाई तरी?”

“बारा वरसं मीबी तिथं नव्हतो. माजंबी करत असतील.”

“न्हाई,” ती म्हणाली. “तुमचं न्हवतं करत.” आणि तिने काच खाली कशी करायची ते विचारले.