मालकांचं नाव

गौरीने पाटीवर चार रकाने आखले आणि खडू सासूच्या हातात दिला. अनुसूयाबाईंनी इंग्रजीतून भराभर वाटणी केली. नागाव विशेषनामात गेलं, नारळ सामान्यनामात, पाहुण्यांचा घोळका समूहात आणि गोडवा भाववाचकात. विशेषणांचंही तसंच. दोन खोल्या, स्वच्छ चादरी, थंड पाणी. बासष्टाव्या वर्षी अक्षर जरा लंगडत होतं, पण अडत काही नव्हतं.

अडायचं एकाच ठिकाणी. गौरी खोली भाड्याने घ्यायला आलेली पाहुणी होऊन इंग्रजीत विचारायची, मालकांचं नाव काय? की अनुसूयाबाई खडू खाली ठेवायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं, आणि इंग्रजीत उखाणा कसा घालायचा हे गौरीच्या पुस्तकात नव्हतं. नावाऐवजी त्या विशेषणं सांगत. उंच, गोरे, हट्टी. मागच्या पडवीत नारळ सोलणाऱ्या हरीभाऊंना तेवढं शेवटचं नेमकं ऐकू जायचं.

"हट्टी कशाला घातलंस गो मध्येच?"

गंमत होती, पण घोरही होता. गौरीला अलिबागच्या शाळेत नोकरी लागली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिचा नवरा सलिल जहाजावर नोकरीला. हल्ली हिंदीही न येणारे दक्षिणेकडचे पाहुणे वाढले होते, त्यांच्याशी बोलणार कोण? नकार कळवते, असं गौरी सहज म्हणून गेली, पण अनुसूयाबाईंना ते पटेना. पोरीने एवढं शिकायचं ते काय चादरी बदलायला?

शनिवारी गौरी अलिबागला गेली आणि संध्याकाळी येणारे पाहुणे नेमके दुपारीच दारात उभे राहिले. चेन्नईचं जोडपं होतं. अनुसूयाबाईंनी हात पुसले, खोली दाखवली, चादरींची आणि पाण्याची विशेषणं जागच्या जागी बसवली. बाई हसून आत गेल्या. गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला. नंबर साठवायचा होता, म्हणून त्यांनी मालकांचं नाव विचारलं.

पडवीतला कोयता थांबला.

अनुसूयाबाईंनी पदर सारखा केला. एकदा मागे पाहिलं, एकदा पाहुण्याकडे.

"ओनर नेम अनुसूया," त्या म्हणाल्या.

पाहुण्याला नाव हवं होतं, ते मिळालं. तो टिपून घेऊन खोलीत गेला. त्या घरात हे नाव इतक्या मोठ्याने कित्येक वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. हरीभाऊंचं तर 'अगो'वरच भागत आलं होतं.

थोड्या वेळाने ते दोन हातांत दोन शहाळी घेऊन दारात आले. जरा घुटमळले.

"अनुसूया," ते म्हणाले, "पाण्याची फोडू की मलईची?"

अनुसूयाबाईंनी वळून पाहिलं नाही. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"पाण्याची. आणि गौरीला फोन लावा. सोमवारची वाट कशाला बघतेस, होकार कळवून टाक, म्हणावं."