काचवाल्याची मुलगी

सुधारगृहातल्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या गोफणच्या बापाने आधी आरसा ताडला. भिंतभर आरसा होता. केस सारखे करायचं निमित्त करून तो जवळ गेला, करंगळीचं नख काचेला टेकवलं, आणि मग वळून बायकोकडे बघत असा काही गोड हसला की गोफणने नजर फिरवली. हे हसू त्यांच्या घरात आजवर कुणी बघितलं नव्हतं. ते आरशामागे बसलेल्या माणसासाठी होतं.

बाप काचेचं काम करायचा. खिडक्या, शोकेस, दुकानांची दारं. आरसा साधा आहे की मागून आरपार बघायचा, हे त्याला नखावरून कळायचं. ती लहान असताना त्यानेच शिकवलं होतं. "असल्या काचेत सगळा खेळ उजेडाचा," तो म्हणायचा. "उजेडातला दिसतो, अंधारातला बघतो. दिवा घालवला की दोघं सारखेच आंधळे."

मागच्या अंधारात मानसशास्त्राच्या बाई बसल्या होत्या. पोरं गुन्हे का करतात आणि घरातल्या मारहाणीचा त्याच्याशी काय संबंध, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं, म्हणून त्या सुधारगृहात यायच्या. मुलींनी त्यांचं नाव हूंबाई ठेवलं होतं. काहीही सांगा, बाई मान हलवून 'हूं' करणार आणि टिश्यूचा डबा पुढे सरकवणार. म्हणजे आता रडा. गोफणला त्यांनी विचारलं होतं, "काच फोडताना तुला कुणाचा चेहरा दिसतो?"

"माझाच," ती म्हणाली. "काचच ती."

"हूं," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

बाईंचं म्हणणं असं की घरात मारहाण बघितली की पोरांच्या हातात आपोआप दगड येतो. खरी गोष्ट त्याहून घाण होती. गोफणचं डोकं मुळातच तापट. शाळा तिने सरांच्या अंगावर डबा फेकून सोडली होती. केस कापायच्या दुकानातला एक जण तिला बघून शीळ घालायचा, म्हणून एकदा तिने त्याच्या दाराच्या काचेवर धोंडा घातला. नवी काच बसवायचं काम बापालाच मिळालं. तो दिवसभर राबला, घरी आला, जेवला आणि घोरायला लागला. आई भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती. आईला गाता येतं हे गोफणला तेव्हा कळलं. दोन आणि दोन चार करायला शाळा लागत नाही. बापाला काम असलं की आईला मार नाही. त्यानंतर तो रिकामा बसून घरात येरझाऱ्या घालायला लागला की ती गुपचूप बाहेर पडायची. मैत्रिणींनी गोफण हे नाव तिला तेव्हाच पाडलं.

मग एकदा जेवताना बाप म्हणाला, "चपलांच्या दुकानाची काच फार जुनी झालीये." तिच्याकडे बघितलंही नाही. घास चावत, हवा-पाण्याबद्दल बोलावं तसा बोलला.

ते आठवलं की अजून तिच्या तोंडाला आंबट पाणी सुटायचं. त्याला सगळं माहीत होतं. ती आईला वाचवत होती आणि हा तिच्या हाताने गिऱ्हाइकं आणवत होता. तरी तिने ती काच फोडली. आणि तिथेच सापडली.

आता सगळं बाईंच्या कागदावर होतं. सुधारगृहातल्या मावशींनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. "बाईंनी लिहिलं की घरात मारहाण आहे, तर तुझ्या आईलाही आपल्या मागच्या इमारतीत राहायला मिळेल. आणि लिहिलं की घर चांगलंय, तर तुम्ही मायलेकी त्याच्याच दारात." भेटीला आलेल्या आईला तिने हे सांगितलं, तर आई म्हणाली, "गप गं. लोक काय म्हणतील."

खोलीतल्या टेबलावर लाकडी ठोकळे ठेवले होते. तिघांनी मिळून घर बांधायचं, बाई मागून बघणार, असं बाईंनी ठरवलं होतं.

"आधी तुझ्या आईला विचारू, दार कुठं हवंय," बाप म्हणाला. "घर तिचं. आपण काय, पाहुणे."

आई हसली. हसताना तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"बोल की राणी. लाजतेस काय?"

राणी. गोफणला त्या शब्दाचीच शिसारी आली. घरी आईला हाक मारायची त्याची पद्धत म्हणजे टेबलावर ताट आपटायचं. अंगठ्याने कुठं दाबलं की वळ उठत नाही, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. काचेच्या माणसाचा हात, जपून वापरायचा. तोंडावर कधीच मारलं नाही.

"आमच्यात भांड्याला भांडंसुद्धा लागत नाही," तो आरशाकडे तोंड करून म्हणाला. "हो ना गं?"

"सगळं..." आई थांबली. "सगळं ठीक आहे."

त्याने घराला खिडकी ठेवली, वर छप्पर चढवलं आणि आईच्या खांद्यावर हात टाकला. अगदी फोटोतलं घर. मागे बाईंची मान हलत असणार, हूं हूं. गोगलगाय आणि पोटात पाय. पण या गोगलगायीचे पाय बघायचे तर आधी तिला वाटायला हवं की कुणी बघत नाहीये.

गोफणने कोपराने एक ठोकळा पाडला. तो दारापाशी घरंगळला. ती उचलायला गेली आणि अंगाआड हात नेऊन तिथली दोन्ही बटणं खाली केली. खोलीला खिडकी नव्हती. मिट्ट काळोख झाला. पंखा घरघरत थांबला.

"लाइट गेली वाटतं," ती म्हणाली.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मध्येच थांबलीस का गं?" बापाच्या आवाजातली साखर संपली होती. "सगळं, आणि मग? काय आठवत होतीस?"

"अहो, नाही थांबले. अहो, हात..."

"हळू बोल."

"दुखतंय हो."

"दुखायलाच धरलाय."

गोफणने दातांखाली जीभ दाबली. टेबलाच्या खाली बोटाएवढा माइक होता. बाईंना त्याचे सेल बदलताना तिने बघितलं होतं. लाइट नसली तरी तो चालू राहणार. तिने आत्ता बोंब मारली तर बाप गप्प होणार आणि पुन्हा फोटोतलं घर. म्हणून ती आईचं कण्हणं ऐकत उभी राहिली, आणि तिला स्वतःचीही किळस आली.

"बाबा, सोड तिला," शेवटी ती म्हणाली.

"तू शहाणपणा करू नकोस. तुला बाहेर काढतोय ते काय ओवाळायला? पलीकडच्या रस्त्यावर औषधाचं नवीन दुकान झालंय. मोठी काच आहे. बाहेर ये, मग सांगतो."

झालं. एवढं पुरे होतं. ती दार उघडायची वाट बघत राहिली. दार उघडेना. आई नाकाने श्वास घेत होती, सूं सूं, सवयीचा, आवाज बाहेर न पडू देणारा. अजून कुणी येईना. शेवटी गोफणनेच बटणं वर केली.

बापाचा चेहरा उजेडाआधीच तयार होता. "आली बघ लाइट," तो म्हणाला.

तेवढ्यात बाई आत आल्या, मागून मावशी. बाईंचे गाल लाल झाले होते, परीक्षेत पहिल्या आल्यासारखे.

"टेबलाखाली माइक आहे," त्या बापाला म्हणाल्या. "सगळं रेकॉर्ड झालंय. अगदी स्पष्ट."

बाप वाकला. काच तपासणाऱ्याने लाकडाखाली बघितलंच नव्हतं. "अहो मॅडम," तो वर येत म्हणाला, "नवरा-बायकोची थट्टामस्करी ती."

गोफणने त्याच्याकडे बघितलं नाही. "तुम्ही ऐकत होता?" तिने बाईंना विचारलं.

"हूं."

"पहिल्यापासून?"

"मध्येच आले असते तर तो सावध झाला असता. आपल्याला पुरावा हवा होता ना?"

"हात आईचा होता," गोफण म्हणाली. "आपला नव्हता."

बाईंनी टिश्यूचा डबा शोधला. तो या खोलीत नव्हता.

आई बाही खाली ओढत होती. ओढता ओढता थांबली. दंडावर चार बोटं उमटली होती. काळोखात अंदाज चुकला होता त्याचा.

"चल, उशीर होतोय," बाप तिला म्हणाला.

आईने मावशींकडे बघितलं. "तुमच्या त्या मागच्या इमारतीत पांघरूण मिळतं का? की घरून आणायला लागतं?"

"मिळतं," मावशी म्हणाल्या. "उशीपण मिळते." आणि त्या आईच्या आणि बापाच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. मावशी अंगाने दणकट होत्या. बापाने ते बघितलं आणि पिशवी उचलली.

"मी लिहून देतेच," बाई म्हणाल्या. "फक्त त्याआधी ताईंशी पाच मिनिटं बोलले असते. आठवण ताजी असते तेव्हा..."

"आधी लिहा," गोफण म्हणाली.

बाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं. गोफणने अक्षर न् अक्षर वाचलं, मग कागद मावशींच्या हातात दिला.

आईला घेऊन मावशी मागच्या बाजूला निघाल्या. गोफण त्यांच्या पाठोपाठ जाताना आरशामागच्या खोलीचं दार उघडं दिसलं. तिने आत डोकावलं. काचेतून पलीकडचं टेबल लख्ख दिसत होतं. घर अजून तसंच उभं, खिडकीसकट. अलीकडे खुर्ची, कानाला लावायचे हेडफोन, बशीत एक घास खाल्लेलं बिस्कीट. शेजारी चहाचा कप.

तिने कपाला हात लावला. अजून कोमट होता. आत बघितलं. तळाशी थेंबही उरला नव्हता. आईचं कण्हणं ऐकता ऐकता बाईंनी तो संपवला होता.