दारातला राखणदार

आत्याबाई ही आमची मेंढी. नाव मीच ठेवलं होतं, कारण चारा टाकला की सगळ्यांना ढुशा देत ती पुढे घुसायची आणि पोट भरल्यावर बाकीच्यांकडे नाक मुरडून बघायची. त्या सकाळी ती कुंपणाच्या कोपऱ्यात आडवी सापडली. गळ्याची कातडी लोंबत होती, मागच्या मांडीचा लचका गेला होता, आणि पोटात कोकरू होतं. शेजारच्या सुताराचा पिवळा कुत्रा तिच्या अगदी पुढ्यात पाय रोवून उभा होता. त्याच्यासमोर आमचा जावई गुरगुरत होता. एक कान फाटलेला, तोंड रक्ताने माखलेलं.

जावई म्हणजे आमचा कुत्रा. काम कमी आणि मान मोठा, म्हणून जावई. दादाने, माझ्या थोरल्या भावाने, त्याला डोळे उघडायच्या आधीपासून बाटलीने दूध पाजून वाढवलेलं.

"बघ, बघ! जावयानं वाचवली तिला," दादा म्हणाला आणि त्याने पिवळ्याला दगड हाणला. पिवळा केकाटत घरी पळाला. कुत्र्याच्या तोंडाला रक्त दिसलं की ते कोणाचं, हे विचारायचं असतं. आम्ही नाही विचारलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मेंढरं पाळणाऱ्यांत एक नियम आहे. मेंढीच्या रक्ताची चव लागलेला कुत्रा ठेवायचा नाही, आणि ज्याचा त्यानेच तो आपल्या हाताने मारायचा. दादा फावडं घेऊन सुताराच्या कारखान्यात गेला. मी त्याच्या मागे.

"तुझ्या कुत्र्यानं मेंढी फाडली. मार त्याला."

सुताराने रंधा थांबवला. "माझ्या? अरे, तो कोंबडीला बघून पळतो. आधी नीट बघ तरी."

"तू मारतोस की मी मारू?"

सुतार काही बोलायच्या आत दादाने स्वतःच हाक मारली, "ये, ये." आणि तो मूर्ख पिवळा, आत्ताच दगड खाल्लेला, शेपटी हलवत आला. पहिला घाव कंबरेवर बसला. मागचे पाय फरपटवत तो बाकाखाली शिरला. दादाने त्याला ओढून बाहेर काढला आणि आवाज बंद होईपर्यंत फावडं चालवलं. सुताराने लाकडी हातोडा दादाच्या तोंडावर हाणला, तेव्हा दादाचे पुढचे दात भुशात पडले. दोघं एकमेकांचे गळे धरून लोळत होते, आणि मीही काही हाताची घडी घालून उभी नव्हते. सुताराचे केस मी धरले होते. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बरं वाटत होतं.

जनावरांचा डॉक्टर आला, त्याने आत्याबाईचा गळा शिवला आणि हात धुता धुता म्हणाला, "हाल करू नका. एक इंजेक्शन देतो, सुटेल बिचारी."

"ते तुमच्या बॅगेत ठेवा," मी म्हणाले. "तिचं मी बघते."

"ताई, ही पुन्हा उभी राहणार नाही."

"तुम्ही जा."

मग माझं आणि आत्याबाईचं सुरू झालं. तिच्या पोटाखाली पोत्याची झोळी करून ती आढ्याला टांगली, पाय जमिनीला जेमतेम टेकतील इतकी. मांडीतल्या अळ्या चिमट्याने काढायच्या, मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, पाय चोळायचे. वास असा की दादा उंबऱ्यावरूनच मागे फिरायचा. मी रोज तिला शिव्या घालायचे. "ऊठ गं भवाने, एवढा तोरा होता ना? ऊठ एकदा!" पोटावर हात ठेवला की आत कोकरू हलायचं. तेवढ्यावर मी तग धरून होते.

दुपारी ती माझ्या हातून खायची. संध्याकाळ झाली की तोंड घट्ट मिटायची, भिंतीला मान चिकटवायची आणि थरथरायची. मला वाटायचं, ताप चढतोय. मी तिच्यावर घोंगडी टाकायचे. संध्याकाळी दादा आणि जावई कळप घेऊन परतायचे, आणि जावई तिच्या दारात आडवा पसरायचा. दादानेच ती सवय लावली होती. "राखण करतोय," तो कौतुकाने सांगायचा. "एकदा वाचवली ना, जीव लागलाय."

एका दुपारी जावयाच्या पायात काटा रुतला म्हणून दादाने त्याला लवकर घरी आणलं. मी आत्याबाईला चारत होते. जावई आत आला, सरळ तिच्यापाशी गेला आणि तिच्या गळ्याचे टाके हुंगू लागला.

मेंढी दात लागले तरी गप्प मरते. आत्याबाईने मात्र असा आवाज काढला की माझ्या हातातली बादली सुटली. तिने झोळी फाडली आणि ती चार पायांवर उभी राहिली. क्षणभर मला एवढंच दिसलं. उभी राहिली! मी वेड्यासारखी हसले. मग ती भिंतीवर डोकं आपटायला लागली, भिंत फोडून पलीकडे जायचं असल्यासारखी. टाके उसवून रक्त आलं. ते पाहून जावयाच्या डोळ्यांत काहीतरी बदललं आणि त्याने तिच्या त्याच मांडीत दात रोवले. मी बादली उचलून त्याच्या डोक्यावर हाणली, पुन्हा हाणली, तो सुटेपर्यंत हाणली.

दादा दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं.

"पिवळा तिला वाचवत होता," मी म्हणाले. "जावयाचा कान त्यानंच फाडला होता. आणि आपण ह्याला दूध पाजलं."

दादा वळला. जावयाच्या गळ्यात दोरी, खांद्यावर फावडं, आणि थेट सुताराचं दार. सुताराने जावयाच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"तुझ्यासमोर करायचंय," दादा म्हणाला.

"कर. पण दोरी सोड. माझ्याला बोलावलंस तसा बोलाव."

दादाने दोरी सोडली. "ये," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "ये, जावई." जावई शेपटी हलवत आला. पहिला घाव खांद्यावर बसला. जावई ओरडत त्याच्याच पायांत शिरला, लहानपणी शिरायचा तसा.

"पुरं कर," सुतार म्हणाला.

दादाने पुरं केलं. सुताराने दार लावून घेतलं. माफी मागायला आम्हाला तोंड नव्हतं, आणि आम्ही ती मागावी असं त्यानेही म्हटलं नाही.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत्याबाई उभीच होती. गळ्यातून रक्त ठिबकत होतं, पाय लटपटत होते, पण उभी होती. मी जखमा धुतल्या आणि मूठभर पाला तिच्या तोंडाशी धरला. तिने तोंड मिटून घेतलं. पुन्हा तेच थरथरणं, तीच भिंतीला चिकटलेली मान. नजर दारावर. मी वळून पाहिलं. दादा उंबऱ्यावर उभा होता, सदरा जावयाच्या रक्ताने भिजलेला.

"दादा," मी म्हणाले, "दारातून बाजूला हो."

तो बाजूला झाला. मग तिने खाल्लं.