पोवळ्यांना दिलेला ताण

बोरगावात संत्र्याच्या झाडाला ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा, हे गुणवंताभाऊंना विचारल्याशिवाय कोणी ठरवत नाही. ज्यांच्याकडे संत्री फक्त बाजारातून येतात त्यांच्यासाठी सांगतो: थंडीत झाडाचं पाणी बंद करायचं, पानं मलूल होईपर्यंत त्याला तहानेलं ठेवायचं, मग जपून पाणी सोडून तो ताण तोडायचा. झाड घाबरतं आणि फुलांनी पांढरं होतं. भाऊंचा अंदाज बावीस वर्षांत दोनदाच चुकला, आणि दोन्ही वेळा चूक ढगांची होती असं ते सांगतात. मी त्यांच्या शेजारी राहतो. दोन्ही वेळा आकाश साफ होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या घरी सून आली. सुचिता, नागपूरची, सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेरून तिने तीन फूट लांबीची काचेची टाकी आणली. आत खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि पोवळी: एक जांभळं, एक हिरवं, एक गुलाबी. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, एवढीच आमच्या गावाची माहिती. हे जिवंत असतं, खातं, आणि त्रास झाला की रंग टाकून देतं, असं सुचिताने सांगितलं तेव्हा प्रेमलतावहिनी म्हणाल्या, "मंग आमच्याच घरातलं होय ते." वहिनी बोलत होत्या सुनेशी, पाहत होत्या नवऱ्याकडे.

सासरा-सुनेचं म्हणाल तर दिवसाला चार वाक्यं. त्यातली दोन चहाची.

डिसेंबरात सुचिताला आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाला भोपाळला जावं लागलं. टाकी कोणाकडे द्यायची? कुलदीप तिचा नवरा खरा, पण त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी तिने एक कागद भाऊंच्या हातात दिला. सात ओळी होत्या. पहिलीच अशी: रोज लोटाभर गाळलेलं साधं पाणी टाकणे; पाणी उडतं, मीठ आतच राहतं.

"तुम्ही पाहाल ना, बाबूजी?" तिने विचारलं.

हे पाचवं वाक्य. भाऊंनी तो कागद खिशात असा ठेवला, जसा बागेचा सातबाराच. त्या आठवड्यात मला त्यांनी चार वेळा सांगितलं, "पोरीनं नवऱ्यावर नाही टाकलं, माह्यावर टाकलं."

दहा दिवस लोटा नेमाने पडला. मग बागेतल्या संत्र्याला ताण द्यायची वेळ आली, आणि माणसाच्या डोक्यात एकदा ताण शिरला की तो बांधावर थांबत नाही. एका संध्याकाळी टाकीसमोर बसून भाऊ म्हणाले, "रंग फिका नाही वाटून राहिला तुले?"

मला तसाच वाटत होता. तसं सांगितलं.

"सुस्तावले हे. रोज पाणी, आयतं खाणं. अशानं झाड नुसते पानं काढते. याले ताण पाहिजे."

मी अडवलं नाही. एवढं माझ्या नावावर राहू द्या.

लोटा बंद झाला. खाण्याची पूडही बंद झाली. माशांना मात्र मिळत होतं, कारण मासे काचेशी येऊन तोंड उघडझाक करत आणि वहिनींना ते पाहवत नसे. पाणी बोटाबोटाने उतरलं. पंप गुरगुरू लागला, तर भाऊ खूश. "बोलून राहिलं," म्हणाले. पंधराव्या दिवशी जांभळ्याची टोकं पांढरी झाली, मग हिरव्याची, मग गुलाबी पुरतं कापसासारखं. भाऊंनी बायकोला हाक मारली. "पाह्य, बहार आला."

पुढच्या तीन दिवसांत एकोणीस माणसं टाकी पाहून गेली. अकरा जणांनी दुसरा चहा घेतला. भाऊंच्या ओळखीचे नत्थूजी सावरगावहून मुद्दाम आले, चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "फळ कधी धरते म्हणता?" भाऊंनी गंभीरपणे सांगितलं की ते अजून ठरायचं आहे. सुनेला मात्र कळू द्यायचं नव्हतं. ती आली की एकदम दाखवायचं. पण एवढी विद्या पोटात राहीना, म्हणून त्यांनी फोटो चेतनला पाठवला. हा टाकी बसवून देणारा, नागपूरचा. खाली लिहिलं, 'तुमच्या इतर गिऱ्हाईकांनाही ही पद्धत सांगावी.'

चेतनचा फोन दोन मिनिटांत आला. शाबासकी आम्हालाही ऐकू यावी म्हणून भाऊंनी स्पीकर लावला.

"काकाजी, वरचं पाणी कधीपासून नाही टाकलं?"

"अठरा दिवस. ताण देऊन राहिलो नं."

"हे फुललं नाही जी. ह्यायच्या अंगात बारीक शेवाळ राहते. तोच रंग अन् तेच ह्यायले जेवण बनवून देते. पाणी खारट झालं, जीव घाबरला, त्यायनं ते बाहेर टाकलं. पांढरं दिसते ते हाडं होय."

भाऊ खुर्चीवर बसले. "मेले?"

"अजून नाही. उपाशी आहेत."

मी भाऊंना गारपीट झालेल्या बागेत उभं पाहिलं आहे. तेव्हाही तोंड एवढं उतरलं नव्हतं. वहिनी आत गेल्या आणि साध्या पाण्याची बादली घेऊन आल्या. त्या ओतणार तोच भाऊ उठले आणि बादलीला दोन्ही हात लावले.

"एकदम नोको. एकदम तोडला ताण तं होते नव्हते तेही जाते."

मग फोनमध्ये म्हणाले, "हळूहळू टाकाचं नं पाणी?"

"हाव. सात-आठ दिवसांत आणा जागेवर. उजेड कमी करा. पूड चिमूटभर. अन् बाकी काही करू नका काकाजी, हात जोडतो. रंग यायचा तर महिना-दोन महिन्यांत येते."

"ताण तोडणं मले येते," भाऊ म्हणाले. आवाजात गर्व नव्हता. मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं.

ताण दिलेल्या बागेला पहिलं पाणी अगदी हलकं देतात. त्याला आंबवणी म्हणतात. टाकीला आंबवणी सुरू झाली: सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, तेही काठाकाठाने. कलमांच्या रोपांवर घालतात ती हिरवी जाळी काचेवर आली. बहार पाहायला येणाऱ्यांना वहिनी दारातूनच सांगत, "झडला." आणि भाऊ समोर बसून राहत. काही न करणं हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. हात शिवशिवले की ते बाहेर जाऊन माझ्या अंगणातला पेरू छाटत. त्या झाडाला आता चारच फांद्या उरल्या आहेत.

रोज संध्याकाळी सुचिताचा फोन.

"रंग कसा आहे, बाबूजी?"

"थंडी कशी आहे तिकडे?"

सत्तावीस फोन झाले. भाऊंनी भोपाळची थंडी सत्तावीस वेळा विचारली.

सुचिता गेल्यापासूनच्या सातव्या आठवड्यात जांभळ्याच्या बुडाशी मळकट तपकिरी छटा दिसली. भाऊंनी मला हाताला धरून नेलं. मला तो मळ वाटला. पुढच्या आठवड्यात मळाने जागा वाढवली आणि त्यात खरंच जांभळं काहीतरी होतं. हिरवंही सावरू लागलं. गुलाबीची एक फांदी मात्र गेली. तिच्यावर केसांसारखं शेवाळ चढलं.

फेब्रुवारीत सुचिता परत यायची होती. रेल्वे पांढुर्ण्याला येणार. कुलदीप निघाला होता, भाऊंनी त्याच्याकडून किल्ली घेतली. "मी जातो." मला सोबत घेतलं, धीर म्हणून की साक्षीदार म्हणून, ते सांगितलं नाही.

सुचिताला स्टेशनवरून घेऊन परत निघालो, तिगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या, वास गाडीत येत होता. मग रस्त्यावरची नजर न हलवता भाऊंनी सगळं सांगितलं. लोटा, पूड, अठरा दिवस, एकोणीस माणसं. वहिनींच्या बादलीवर आले आणि थांबले. "एक फांदी गेली, पोरी. ते माह्यावर."

घरी येऊन सुचिताने चपला काढल्या, जाळी बाजूला केली आणि टाकीपुढे उकिडवी बसली. खारेपणा मोजायची छोटी दुर्बीण काढली, एक थेंब टाकून उजेडाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. भाऊ दारातच उभे. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे.

"बादली का नाही ओतू दिली?" तिने विचारलं.

"ताण द्याले चुकलो, बाई. तोडाले नाही चुकलो."

"माझी पहिली टाकी होती, कॉलेजात असताना," ती म्हणाली. "सुट्टीत घरी गेले, पाणी असंच उतरलं. मी घाबरून बादली ओतली. दोन दिवसांत सगळं संपलं." मग मेलेल्या फांदीवर बोट टेकवून म्हणाली, "ही कापावी लागेल. तुमची छाटायची कात्री चालणार नाही, तिला गंज आहे. इकडे या, धरा."

भाऊ आत टाकीपाशी गेले.

सात ओळींचा कागद अजून टाकीवर चिकटलेला आहे. आठवी ओळ तिने लाल शाईने लिहिली: ताण देऊ नये. मे महिन्यात ती दहा दिवस माहेरी गेली, तेव्हा लोटा पुन्हा भाऊंच्याच हातात दिला. कुलदीपने विचारलंही नाही.

सासरा-सुनेची वाक्यं मी परवा पुन्हा मोजली. सदतिसाच्या पुढे चुकलो. चहाची अजून दोनच आहेत.