फक्त हजर

तेजस्विनीने अहवालाचे सतरावे पान उलटले आणि कुसाबाईंच्या पुढ्यात सरकवले. कुसाबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, बोट टेकवत एकेक सही उतरत गेल्या आणि नवव्या ओळीवर थांबल्या.

"सही मनीच शे," त्या आपल्या नावावर बोट ठेवत अहिराणीत म्हणाल्या. "पण हे वरचं कोणी लिहिलं?"

सह्यांच्या वर इंग्रजीत दोनच वाक्ये होती. तेजस्विनीने ती मराठीत सांगितली: इंटरनेटच्या लहान जाळ्यांच्या एक्केचाळीस प्रतिनिधींशी सल्लामसलत झाली. एकाही हरकतीची नोंद नाही. सांगताना तिने पहिल्या ओळीकडे पाहणे टाळले. तिथे तिची स्वतःची सही होती, ठसठशीत, शेवटच्या अक्षराला झोकदार वळण दिलेली.

"हरकत कोणी विचारली व्हती?"

"कोणीच नाही."

"जेवताय का, एवढंच विचारलं व्हतं," कुसाबाई म्हणाल्या आणि चष्मा परत कपाळावर गेला.

तेजस्विनीच्या नाशिक रोडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दुपारचे ऊन जमिनीवर चौकोनी पसरले होते. मधोमध लॅपटॉप. दोन वाजता जगभरची माणसे त्याच्या काचेवर गोळा होणार होती आणि नामपूरच्या आसपासच्या सात वाड्यांचे काय करायचे ते ठरवणार होती.

चार वर्षांपूर्वी त्या वाड्यांतला मोबाइलचा मनोरा 'परवडत नाही' म्हणून कंपनीने बंद केला. तेव्हा लोकांनी स्वतःच खांब उभारले. पहिला कुसाबाईंच्या गच्चीवर. अंबडच्या कारखान्यात संगणक सांभाळणारी तेजस्विनी दर रविवारी आजोळी जाऊन तारा ओढू लागली आणि तारांमागोमाग माणसेही तिच्याकडे ओढली गेली. मग दोन वर्षे अर्जांवर अर्ज करून तिने या जाळ्यासाठी इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता मिळवला: काही आकड्यांची एक रांग, जी कुणाच्या मेहेरबानीवर नव्हती. आता असे पत्ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेचा ठराव म्हणत होता की एवढ्या लहान जाळ्यांनी पत्ता स्वतःजवळ ठेवू नये. तो मोठ्या कंपनीमार्फत असावा. म्हणजे ज्यांनी मनोरा बंद केला, त्यांच्याच खिशात वाड्यांचा पत्ता. हवा तेव्हा द्यावा, नको तेव्हा काढून घ्यावा.

आणि खाली एक्केचाळीस सह्या.

तिला लहान जाळ्यांसाठी हॉटेलात भरवलेले ते चर्चासत्र आठवले. दाराशी हजेरीचा कागद होता. कुसाबाईंनी पेन घेतले, रिकाम्या जागेत आधी एक आडवी रेघ ओढायला सुरुवात केली आणि तेजस्विनीने त्यांचे मनगट धरले होते.

"कुसाबाई, ही ग्रामसभा नाही. इथं शिकलेली माणसं आहेत."

ती कुसाबाईंच्या वाडीतली रीत होती. एकदा तिथे हजेरीच्या सह्यांवर मागाहून ठराव लिहिला गेला आणि बायांच्याच संमतीने दारूचे दुकान उघडले. तेव्हापासून तिथली बाई कागदावर आधी रेघ ओढते, म्हणजे वर काही चढवता येत नाही, आणि नावापुढे लिहिते: फक्त हजर. त्या दिवशी कुसाबाईंनी पेन मुकाट्याने टेकवले होते आणि नुसती सही केली होती. त्यांच्यामागे आणखी बत्तीस जणांनी.

फोन वाजला. महेश. जागतिक संस्थेच्या या भागातल्या समितीचा समन्वयक. कॉलेजात तिच्या दोन वर्षे पुढे होता.

"तेजस्विनी, आज विषय काढू नकोस. हरकतींची मुदत गेल्या आठवड्यात संपली. आज एकमत जाहीर होईल."

"आणि मला बोलायचं असेल तर?"

"बोल ना. पण नोंद होणार नाही. आज फक्त हजेरी नोंदवतात. अध्यक्षबाई नावं वाचतात, तेवढंच कागदावर जातं." त्याने आवाज उतरवला. "संस्थेच्या परिषदेवर तुझं नाव सुचवलंय मी. वरचे तयार आहेत. आधी आत ये, मग आतून बदल."

"तुला आत जाऊन किती वर्षं झाली?"

"अकरा."

"काय बदललं?"

"जेवण बरं मिळायला लागलं," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. ते हसू मध्येच विरले. "हे बघ, मी तुझ्या बाजूचाच आहे."

"एक्केचाळीस सह्या आहेत, महेश. चर्चासत्र तू भरवलंस. तुझी सही कुठं आहे?"

तिने फोन पालथा ठेवला.

कुसाबाई अजून सतरावे पानच पाहत होत्या. रागाने नव्हे, शेजारणीने उसने नेलेले भांडे पोचे पडून परत आल्यावर बाई ते जसे फिरवून पाहते, तसे. तेजस्विनीला त्या नजरेचे ओझे सोसवेना.

"त्या दिवशी मी तुमचा हात धरला," ती म्हणाली.

"धरला खरा."

"मला लाज वाटली होती. तुमची."

"म्हाईत शे," कुसाबाई म्हणाल्या. "आता काय करतीस ते सांग."

तेजस्विनीने लॅपटॉप जवळ ओढला. हजेरीच्या अर्जात दोन चौकटी होत्या. एकीत नाव. दुसरीत संस्था. ती दुसऱ्या चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने वाड्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी पाठवल्या.

दोन वाजता अध्यक्षबाईंचा चेहरा काचेवर उजळला. पांढरे केस, थकलेला, सभ्य आवाज. त्यांनी हजेरी वाचायला घेतली. दूरदूरची नावे येत गेली, प्रत्येकामागे विद्यापीठ, मंत्रालय, कंपनी. मग त्यांची जीभ अडखळली.

"तानुबाई अहिरे. फक्त हजर."

"यादव देवरे. फक्त हजर."

"बयाबाई... फक्त हजर."

नावे येतच राहिली. कुसाबाईंचे आले तेव्हा त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला, मग कोणी पाहत नाही हे ध्यानात येऊन तो हळूच पदराखाली नेला. चाळिसाव्या 'फक्त हजर'नंतर अध्यक्षबाई थांबल्या. पालथा फोन टेबलावर थरथरत होता. महेशच असणार: तुझं नाव अजून आलेलं नाही, थांब. तेजस्विनीने तो सुलटा केला नाही. तिने दोन्ही चौकटी भरल्या आणि बटण दाबले.

"तेजस्विनी सोनवणे," अध्यक्षबाईंनी वाचले. "फक्त हजर. क्षमा करा, ही कुठली संस्था आहे? हिचे बरेच सदस्य दिसतात."

तेजस्विनीने माइक उघडला. आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर निघाला.

"संस्था नाही, बाई. आमच्या गावाकडची सही करण्याची पद्धत आहे. अर्थ असा की आम्ही आलो होतो. आम्ही हो म्हटलं नाही. तुमच्या सतराव्या पानावर हेच एक्केचाळीस लोक आहेत. नियमाप्रमाणे ही हजेरी आहे. ती नोंदवावी."

काचेवरचे कितीतरी चेहरे एकदम खाली झुकले. पाने उलटल्याचा आवाज आला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, शेजारच्या कुणाला तरी हलक्या आवाजात विचारले, "मग एकमत म्हणता येईल का?" आणि उत्तर येण्याआधी त्यांची नजर पुन्हा यादीवर गेली.

"आणखी एक नाव आलंय," त्या म्हणाल्या. "महेश बोरसे. फक्त हजर."

कुसाबाई पुढे वाकल्या.

"हा कोण? आपल्या वाडीचा तर नही."

तेजस्विनीने सतरावे पान आपल्याकडे वळवले, कुसाबाईंकडून पेन मागून घेतले आणि त्या झोकदार सहीच्या वर, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक आडवी रेघ ओढली.