कच्चं काम

काच फुटली होती. बरोबर मधोमध, तड्याच्या रेषेवर.

मिस्त्रीने वाकून पुन्हा पाहिले. घरात अजून कोणी उठले नव्हते. मागच्या खोलीतला हा तडा तो दर वर्षी सिमेंट भरून, वर रंग मारून बुजवायचा आणि दर वर्षी तो पुन्हा डोके वर काढायचा. "नवं घर आहे, बसतंय जरा," असे तो बायकोला सांगत आला होता. हे घर त्याने स्वतःच्या हाताने बांधले होते. नुसते हेच का, उतारावरची अख्खी आळी त्याच्या हातची. कुठल्याही भिंतीला ओळंबा लावा, केसभर फरक सापडायचा नाही. त्या कामाच्या जोरावर आळीत त्याचा शब्द चालायचा, आणि शब्द चालतो हे त्याला आवडायचेही.

काच पोरीची होती. ती कॉलेजात भूशास्त्र शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. दगडाचा कागदाहून पातळ काप चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, त्यासाठीच्या काचपट्ट्यांची एक डबी तिने प्रयोगशाळेतून मागून आणली होती. रविवारी तिने त्यातली एक पट्टी तड्यावर आडवी धरली.

"बाबा, दोन्ही टोकांना पीओपी लावून द्या. भिंत सरकत असेल तर काच फुटेल."

"आणि नाही फुटली तर?"

"तर मी परत विषय काढणार नाही."

विषय बरेच दिवस चालला होता. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा पायथा कापून नेला होता. त्या कापात पोरीला दगडाचे थर दिसले. सगळे रस्त्याच्या बाजूला उतरते, आणि त्यांच्या खाली चिकणमातीचा ओला पट्टा.

"पुस्तकांची चळत तिरकी ठेवली आणि खालून आधार दिलेला हात काढला, तर काय होईल?" ती विचारायची.

"पुस्तकं पडतील. घरं काय पुस्तकं आहेत?"

आणि मग तो हातोड्याचा किस्सा काढायचा. अभ्याससहलीत हिने कमरेला लोखंडी हातोडा तसाच ठेवून होकायंत्र वाचले. सुई हातोड्याकडे ओढली गेली आणि हिच्या नकाशात डोंगरच्या डोंगर फिरला. "बाईसाहेब, डोंगर हलवलात की!" असे सर वर्गासमोर म्हणाले होते. घरी हे तिनेच हसत सांगितले आणि बापाच्या हाती आयते कोलीत दिले.

"या वेळी कुठे होता गं हातोडा?"

"घरी ठेवून गेले होते. दोनदा मोजलं." मग जरा थांबून ती म्हणाली होती, "आपलं चुकलेलं असावं असंच मलाही वाटत होतं, बाबा."

आता मिस्त्री फुटक्या काचेसमोर वाकलेलाच होता. आत पोरीचा गजर वाजला. त्याने फळीवरची डबी उघडली, नवी पट्टी काढली, वाटीत पीओपी कालवला. हात सराईत होता. बघता बघता जुनी काच खिशात गेली आणि नवी जागेवर बसली. पोरगी दात घासत आली, लांबूनच काचेकडे बघून तिने सुस्कारा टाकला. तिला हायसे वाटलेले पाहून त्याला स्वतःची लाज वाटली, तरी तो जेवणाचा डबा घेऊन कामावर गेला.

दिवसभर त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. दुपारी त्याने परांचीवरूनच बायकोला फोन लावला.

"काय करतेस?"

"पडलेय जरा. आज काय एवढी आठवण आली?"

"कुठे पडलीस?"

"मागच्या खोलीत. आणि ते मागचं दार बघा हो, सकाळपासून बसेना झालंय."

मिस्त्री घाईने म्हणाला, "पुढच्या खोलीत झोप. तिथे वारा येतो."

"इश्श!" म्हणून ती हसली. त्याने थापी तिथेच टाकली आणि घर गाठले.

पोरगी त्याच्या आधी आली होती. ती तड्यासमोर जमिनीवर बसली होती. दुसरी काचही फुटली होती.

"डबीत एक पट्टी कमी आहे, बाबा. पहिली सकाळीच फुटली होती ना?"

"हो."

"आई दिवसभर इथे होती."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. मिस्त्री वळून बायकोला एवढेच म्हणाला, "कपडे बांध. आत्ता."

शेजारच्या शिंप्याच्या दारात पोरीने थर, उतार, चिकणमाती सगळे समजावून सांगितले. शिंपी मशीन थांबवून कौतुकाने ऐकत होता.

"डोंगर सरकतोय?" तो म्हणाला. "माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे तिथेच आहे तो. मिस्त्री, लेक फार हुशार झाली हो तुमची!"

मिस्त्री पुढे झाला.

"डोंगराचं सोड. माझं काम कच्चं आहे. पाया भरताना सिमेंट खाल्लं मी. तुझ्या घराचं, सगळ्यांच्याच घरांचं. माझी भिंत चाललीय, तुझीही जाईल."

शिंप्याच्या चेहऱ्यावरचे हसू विरले. त्याने मिस्त्रीला एक सणसणीत शिवी दिली आणि आत वळून ओरडला, "म्हातारीला उचला! बाहेर निघा आधी!"

"बाबा, असं काय खोटं सांगता?" पोरगी रडकुंडीला आली.

"हळू बोल. डोंगर सरकतोय म्हटलं की लोक हसतात. मिस्त्री चोर निघाला म्हटलं की लगेच पटतं."

तो पुढच्या दाराशी गेला. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात त्याने तेच सांगितले, प्रत्येक दारात शिव्या खाल्ल्या, आणि अंधार पडायच्या आत आळी रिकामी झाली. खाली शाळेच्या पटांगणात सगळे बोचकी घेऊन बसले. त्याच्या जवळ कोणी बसले नाही.

पहाटे डोंगराने कूस बदलली. मोठा आवाजही झाला नाही. नुसती घरघर, आणि मग धूळ. उजाडले तेव्हा आळी रस्त्यावर येऊन पडली होती. भिंती, पत्रे, शिंप्याचे मशीन, सगळ्याचा चिखलात काला झाला होता. माणूस मात्र एकही आत नव्हता.

शिंपी आणि चारदोन जण ढिगाऱ्यापाशी उभे होते. मिस्त्रीच्या घराचा पाया मातीसकट घसरत येऊन कोपऱ्यावर उलथा पडला होता. अख्खाच्या अख्खा. त्याचा एक दगड निखळला नव्हता.

पोरीने पिशवीतून हातोडा काढला. पाय रोवून उभी राहिली आणि तिने पायाच्या सांध्यावर घाव घातला. खण्ण आवाज झाला, हातोडा उसळून परत आला. टवकासुद्धा उडाला नाही. तिने शिंप्याकडे बघितले आणि पुन्हा मारला. पुन्हा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. शिंप्याने मान खाली घातली.

मिस्त्रीने मागून येऊन तिचे मनगट धरले.

"पुरे. हात दुखेल."